पर्लच्या पोत्यातला विधुर

लग्न न करता विधुर होण्याचा मान आमच्या दिग्रसमध्ये आजवर एकट्या मलाच मिळाला आहे.

आणि हे काम मी स्वतःच्या हातानं केलं, कुणाची मदत घेतली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आजोबा अंगठा उठवणारे, काका सातवीत मास्तरांशी भांडून जे शाळेतून निघाले ते थेट बैलबाजारात! त्यामुळे माझ्या बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या डिग्रीची फ्रेम बैठकीत देवांच्या फोटोंच्याही वर लागली आहे. (देवांची अजून तक्रार आलेली नाही.) घरातला मिक्सर बंद पडला तरी हाक मला येते.

तर, समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची नोंदणी यंदा ऑनलाइन करायची ठरली. समितीच्या बैठकीत हे काम नागपूरच्या कंपनीला द्यायचा विषय निघाला आणि बाबा ताडकन उभे राहिले.

"नागपूरवाल्याच्या दारी कायले जाता? माहा गजू करून देते!"

समाजाची जुनी वेबसाइट कुणीतरी फार पूर्वी पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून ठेवली होती. ती मी कॉलेजात एक सेमिस्टर शिकलो होतो. म्हणजे समितीच्या मानानं मी शास्त्रज्ञच! मी मान डोलावली. मान डोलावण्यामागे माझा स्वार्थही होता. तिशी उलटत आली होती. मुलगी पाहायला गेलो की पोहे मिळत, होकार मिळत नसे. आणि पहिल्यांदाच वणीहून बरा निरोप आला होता. संध्या नाव, शाळेत शिक्षिका. तिचे वडील म्हणाले होते, "मेळाव्यात पोरगा पाहू, मंग पुढचं बोलू." संध्याचा फोटो मी फोनमध्ये इतक्या वेळा पाहिला की फोनलाच संकोच वाटायला लागला असावा.

आता थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. अर्जात 'वैवाहिक स्थिती' असा रकाना होता. त्यावर बोट ठेवलं की यादी खाली उघडायची: अविवाहित, विधुर किंवा विधवा, घटस्फोटित, विभक्त. हे चार पर्याय मी पर्लमधल्या हॅश नावाच्या सोयीत टाकले. हॅश म्हणजे पोतं समजा. आत काय काय आहे ते पक्कं, पण हात घातल्यावर आधी काय लागेल त्याची हमी नाही! दर वेळी पान उघडलं की वेगळाच पर्याय वर येणार. पोत्याऐवजी ओळीनं मांडून ठेवायची सोयसुद्धा पर्लमध्ये आहे. शिवाय आधीपासून कोणता पर्याय निवडलेला दिसावा, हेही सांगता येतं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मग जो वर आला, तोच निवडला गेला. मी तपासून पाहिलं तेव्हा नेमका 'अविवाहित' वर आला, आणि मी कॉलर ताठ केली.

उद्घाटन झालं. कॉम्प्युटरपुढे नारळ फुटला, कीबोर्डात थोडं पाणी गेलं. पहिला अर्ज माझाच, भिंतीवर मोठ्ठा दिसतोय, समोर सगळी समिती. नाव टाकलं, टाळ्या. शिक्षण टाकलं, बाबांच्या जास्त टाळ्या. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात आधीच काहीतरी दिसत होतं, म्हणून मी सरळ पुढे गेलो. तिथं 'विधुर किंवा विधवा' असं हातभर अक्षरात दिसत होतं. मी वाचलं नाही, समितीनं वाचलं नाही. अध्यक्षांनी तर माझी पाठ थोपटली.

बाकीचे अर्ज मोबाइलच्या दुकानात भरले गेले. आमच्याकडे ऑनलाइन म्हणजे आपण स्टुलावर बसायचं आणि दुकानदारानं बटणं दाबायची. एका काकांनी म्हणे विचारलंही, "अन हे मधातलं काय हाय गा?"

"ते पहिलेच भरून आलं हाय न काका! भरल्या जागी कायले हात लावता?"

अशा रीतीनं आमचा समाज एका आठवड्यात उद्ध्वस्त झाला. कोवळ्या पोरी विधवा झाल्या, सज्जन पोरं घटस्फोटित झाली. ह्या सगळ्याची परिचय पुस्तिका मीच तयार केली आणि घाईत तशीच छापायला दिली. मेळावा उद्यावर होता!

मेळाव्यात आई नवी साडी नेसून बायकांत बसली होती. शेजारच्या मावशींनी पुस्तिका उघडली, माझा फोटो पाहिला आणि आईच्या हातावर हात ठेवला.

"कधी गेली वो सून?"

"कोणती सून?"

"लय दुःख हाय बाप्पा! नावसुदिक घेत नाही."

"अवो, सून आलीच नाही तं जाईन कोठी?"

"असंच वाटते वो बाई सुरुवातीले," असं म्हणून मावशींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचं बघून मागची सगळी रांग हळहळली. तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं गेलं: "दिग्रसचे गजानन, बी.एस्सी., विधुर!" मी हसतहसत स्टेजवर चढलो. बायको वारलेला माणूस इतका खूश कधी कुणी पाहिला नव्हता.

खाली उतरलो तर समोर संध्याचे वडील, पुस्तिकेत बोट घालून उभे.

"हे काय हाय?"

आता इथं खरं बोलायचं होतं. चूक माझी, मी दुरुस्त करतो, विषय संपला असता. पण डिग्री देवांच्या वर लागलेल्या माणसाची जीभ तशी वळत नाही.

"काकाजी, सर्व्हरची गडबड हाय," मी म्हणालो. "तिकडून, नागपूरहून."

"पण तुमचे बाबा तं सांगत होते, सगळं गजूनंच केलं म्हणून."

बाबा मागंच उभे होते. "हो न! एकट्यानं केलं!" ते अभिमानानं म्हणाले.

पुढच्या रविवारी संध्याचे वडील चौकशीला आमच्या गल्लीत हजर. मी खरोखर बिनलग्नाचा आहे, हे आता साक्षीनं सिद्ध करायचं होतं. आईनं समोरच्या काकूंना बोलावलं. काकू जोरात आल्या.

"याचं लगन? अवो, याले कोण देते पोरगी! पुसदवाल्यायनं नाही म्हटलं, दारव्ह्याचे तं पोहे देल्ल्यावर परत फोनच उचलत नाही. एक पोरगी तं याले पाहून आतूनच बाहेर आली नाही! आमच्या डोयासमोरचं हाय न सगळं."

"पाहा, पाहुणे!" बाबा विजयी आवाजात म्हणाले. "आता तं पटलं न?"

काकाजींनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पटलं," ते म्हणाले. "खरं सांगू? विधुर म्हटल्यावर मले वाटलं होतं, चला, एकीनं तरी पसंत केला होता."

नंतर वणीहून निरोप नाही, थेट पत्रिकाच आली. संध्याचं लग्न, मुलगा राजूरचा, कोळशाच्या खाणीत नोकरीला. हा गृहस्थ खराखुरा विधुर, आणि माझ्या पोत्यानं त्याला अविवाहित करून छापलं होतं! पण पहिल्याच भेटीत तो स्वतःहून म्हणाला, "पुस्तकात लिवलं ते चूक हाय. माही बायको वारली." चूक फायद्याची होती तरी यानं सांगून टाकली, एवढ्यावर संध्या म्हणाली, हाच पाहिजे. मी मात्र तोट्याची चूकसुद्धा नागपूरच्या नावावर ढकलली होती.

लग्नाला गेलो. नाही गेलो तर लोक काय म्हणतील, असं आई म्हणाली. (गेल्यावर काय म्हणतील, हे तिनं सांगितलं नाही.) मी पंगतीच्या दिशेनं सरकत होतो, एवढ्यात अध्यक्षांनी माईक घेतला: "आपल्या वेबसाइटवर जमलेलं हे पहिलं लग्न! ज्यायनं हे घडवून आणलं ते गजाननभाऊ इथंच हायेत!" मला अक्षरशः ओढून वर नेलं, संध्याच्या बाजूला उभं केलं, शिवाय फोटोवाला ओरडला, "भाऊ, जरासं हसा!"

संध्याच्या लग्नात स्टेजवर उभं राहून गळ्यात हार पडावा, ही माझी इच्छा अशी पूर्ण झाली. हार तेवढा अध्यक्षांनी घातला!