डोनलची रायफल आणि माझं कॉन्ट्रॅक्ट

डोनलने गोळी झाडली, दुर्बिणीतून लांबच्या कागदाकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि खिशातून नाणं काढून पुन्हा एकदा स्कोपचा स्क्रू फिरवला. दर गोळीनंतर त्याचं हेच चाललं होतं. मी मागे कानांवर मफ चढवून उभी होते. मनात स्वतःला बजावत होते की बाई, तोंड सांभाळ. हा माणूस तुझा बॉस आहे आणि तुझ्या कॉन्ट्रॅक्टवर सही त्याचीच लागणार आहे.

मी मेट्रॉलॉजी इंजिनिअर. हवामानाशी माझा काडीचा संबंध नाही, पण सासूबाई अजून नातेवाइकांना सांगतात की आमची सून आयर्लंडात पावसाचा अंदाज देते. मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाचं शास्त्र. आमच्या प्लांटमध्ये पेशंटच्या शिरेत घालायच्या बारीक नळ्या बनतात. मशीन नळी कापतं, माझं यंत्र तिची लांबी मोजतं. लांबी मर्यादेत बसली तर नळी पुढे जाते. नाही बसली तर स्क्रॅप, म्हणजे सरळ कचऱ्यात.

त्या वर्षी हा स्क्रॅप वाढतच चालला होता. डोनल आमचा ऑपरेशन्स मॅनेजर. त्याचा खाक्या असा की एक नळी जराशी लांब आली की ऑपरेटरने लगेच मशीन ॲडजस्ट करायचं. पुढची आखूड आली की उलट फिरवायचं. आता कुठलंही मशीन दर वेळी अगदी तेच माप देत नसतं. थोडं इकडेतिकडे होणारच. आपण लाटलेल्या सगळ्या पोळ्या तरी कुठे सारख्या होतात? पण त्या साध्या फरकाला चूक समजून दर वेळी मशीन हलवलं, तर फरक कमी होत नाही, उलट वाढतो. घोडं तिथेच पेंड खात होतं. मी तसा रिपोर्ट दिला.

डोनल म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, "पण आपण काहीच करत नाही असं मी वर कसं सांगू?" आणि पुढच्याच मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर शंका काढली की वैशालीचं मोजायचं यंत्रच बिघडलेलं असेल. झालं! खापर माझ्या डोक्यावर. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं. इथे आमच्यासारख्यांची नोकरी गेली की नुसता पगार जात नाही, राहण्याच्या परवानगीचीच पंचाईत होते. ॲडम्सटाउनचं घरभाडं, मुलीची शाळा, सगळं त्या एका सहीवर लटकलेलं. मला रात्री झोप लागेना. राग तर असा यायचा की कँटीनमध्ये डोनल समोर दिसला तरी घास कडू लागायचा.

अशात एके शुक्रवारी कॉफी मशीनपाशी त्याने आपलं दुःख मांडलं. त्याच्या घरामागे त्याने लावलेली झाडं हरणं खाऊन टाकतात. शिकारीचं लायसन्स आहे, काकांची जुनी रायफलही रीतसर त्याच्या नावावर झाली आहे. फक्त स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण, त्याने सेलमधून स्वस्तातली घेतली होती आणि ती अजून 'झिरो' करायची होती. झिरो करणं म्हणजे दुर्बिणीतली फुली जिथे दिसते तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवणं. दुकानदार हे काम करून देतो, पण पैसे घेतो. डोनलला ते पटत नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मोजण्यातली बाई. उद्या शूटिंग रेंजवर ये ना." मग जरा थांबून त्याने विचारलं, की तुम्ही लोक तांदूळ पोत्याने घेता ना? रायफल टेकवायला वाळूच्या पिशव्या लागतात, त्या विकत घेण्यापेक्षा तांदूळ काय वाईट?

बॉसला नाही म्हणायची ती वेळ नव्हती. घरी मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जा, पण बासमती नेऊ नकोस, कोलम ने."

तर शनिवारी विकलोच्या डोंगरातल्या एका रेंजवर, भुरभुर पावसात, डोनलची रायफल आमच्या कोलमच्या दोन पोत्यांवर विसावली. बाजूच्या टेबलावरचे शिकारी बघून हसत होते. मी रायफलला हात लावला नाही. माझ्याकडे लायसन्स नाही आणि असल्या बाबतीत इथले पोलीस ग्रँड म्हणत नाहीत.

सुरुवात छानच झाली. आधी मी त्याला स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू आवळायला लावले. ते ढिले असले तर पुढचं सगळं पाण्यात. मग त्याने रायफलचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, काढला, रायफलच्या नळीतून थेट आरपार बघून कागदावरचा काळा ठिपका मध्ये आणला आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणली. याला काही खर्च नाही, एक गोळीही लागत नाही. पंचवीस मीटरवर पहिलीच गोळी कागदावर लागली. डोनल खूश. म्हणाला, दुकानदार लुटारू असतात.

मग कागद शंभर मीटरवर नेला आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. गोळी उजवीकडे लागली की स्क्रू डावीकडे. पुढची डावीकडे लागली की स्क्रू उजवीकडे. एक खाली लागली, तर त्याने एवढा वर फिरवला की पुढची कागदाच्याच बाहेर. दर गोळीला तो म्हणे, "गेली एक कॉफी." रेंजवरच्या कॉफीला जेवढे पडतात, तेवढेच त्याच्या एका गोळीला पडत होते. बघता बघता डब्यात सातच उरल्या. पुढच्या शनिवारी शिकार होती आणि नवा डबा घ्यायची त्याची तयारी नव्हती. म्हणाला की हा स्कोपच भिकार आहे, परत पाठवतो.

स्कोपही भिकार, माझं यंत्रही भिकार. तेवढा हा एकटा शहाणा! माझं डोकंच फिरलं. सही गेली खड्ड्यात असं म्हणून मी पुढे झाले, त्याच्या हातातलं नाणं काढून घेतलं आणि माझ्या जीन्सच्या खिशात टाकलं.

"आता तीन गोळ्या मार. मध्ये स्क्रूला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"आणि पहिलीच चुकली तर?"

"चुकू दे. दुसरीही चुकू दे."

"गोळ्या फुकट येत नाहीत, वैशाली."

"म्हणूनच सांगतेय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला घरभाड्याची आठवण झाली. पण नाणं माझ्या खिशात होतं. एका गोळीवरून काहीच कळत नसतं. तिच्यात वारा असतो, श्वास असतो, मारणाऱ्याची घाई असते. तीन एकाच जागी नेम धरून मारल्या की मग दिसतं, रायफल नक्की कुठे मारतेय. त्याने मारल्या. दुसऱ्या गोळीनंतर त्याचा हात स्क्रूकडे गेला, तो त्याने स्वतःच मागे घेतला.

गोळीबार थांबवल्याची सूचना झाल्यावर आम्ही कागदापाशी गेलो. तीन भोकं एकमेकांजवळ, पुरीएवढ्या जागेत, पण ठिपक्यापासून खाली डावीकडे. मी तिन्हींचा मध्य काढला आणि पट्टीने अंतर मोजलं. त्याच्या स्कोपचा स्क्रू एक खटका फिरवला म्हणजे नेम सरकतो शंभर मीटरवर एक सेंटीमीटर. सहा वर, चार उजवीकडे. नाणं परत दिलं, एकदाच फिरवायला लावलं आणि परत काढून घेतलं. पुढच्या तीन गोळ्या ठिपक्याभोवती बसल्या. डोनलने फोन काढून कागदाचा फोटो घेतला. स्कोप भिकार असल्याचं त्याने पुन्हा काढलं नाही.

 परतीच्या वाटेवर मोटरवेला लागल्यावर डोनल म्हणाला, "त्या नळ्यांचंही असंच असेल का?"

"रिपोर्टमध्ये तेच लिहिलंय."

"रिपोर्ट फार लांब होता."

"दोन पानं होती, डोनल."

त्याने रेडिओ लावला. सोमवारी हा काय करतो कोण जाणे.

सोमवारी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि 'हँड्स ऑफ' नावाचा नवा उपक्रम जाहीर केला. पहिल्या स्लाइडवर काळा ठिपका, त्याभोवती तीन भोकं. एका मापावरून मशीनला हात लावायचा नाही, ही कल्पना त्याला वीकेंडला निसर्गाच्या सान्निध्यात सुचली म्हणे.  प्रत्येक मशीनवर पोस्टर लागलं. कशालाही हात लावू नये हे ठरवायला एक कमिटी नेमली गेली आणि तिची दर आठवड्याला मीटिंग सुरू झाली. पण स्क्रॅप खरंच उतरला. माझं यंत्र आपोआप दुरुस्त झालं, कारण त्याबद्दल पुन्हा कोणी काही बोललंच नाही. हेड ऑफिसने डोनलचं कौतुक केलं.

माझं कॉन्ट्रॅक्टही वाढलं. सही पाहिली त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खरंच सांगते. नंतर अप्रेझल उघडलं. सुधारणेला वाव या रकान्यात डोनलने लिहिलं होतं की वैशालीने अधिक पुढाकार घ्यावा, काहीही न करता थांबण्याकडे तिचा कल असतो. मी तडक त्याच्या केबिनमध्ये गेले. तो म्हणाला की एक तरी उणीव लिहिल्याशिवाय सिस्टिम फॉर्म पुढे जाऊ देत नाही, मनावर घेऊ नकोस, ऑल ग्रँड.

नवीन लागलेली मुलं मला विचारतात की बॉसला डेटा कसा पटवायचा, त्यावर एखादा कोर्स आहे का. मी त्यांना सांगते, ऑफिसात त्या भानगडीत पडू नका. तिथे ढीगभर नळ्या कचऱ्यात गेल्या तरी बॉसला एका ओरखड्याएवढंही दुखत नाही, कारण त्या कंपनीच्या असतात. शनिवारी त्याच्याबरोबर रेंजवर जा आणि त्याने स्वतःच्या खिशातून आणलेल्या गोळ्या अर्ध्याअधिक वाया जाईपर्यंत एक शब्द बोलू नका. मग तुमचं म्हणणं त्याला दोन वाक्यांत पटतं.