साहेबांच्या मागचं विमान

पॉलिटेक्निकात मी प्रयोगशाळा सहायक होते. बेलापूरहून सायकलने यायचं, सहा कॉम्प्युटरांवरची धूळ पुसायची, मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या आणि काही बिघडलं तर दुरुस्त करायचं. यातली धूळ माझ्या नावावर असायची, दुरुस्ती विभागप्रमुखांच्या.

ते पुण्याहून आले होते, आणि हे दिवसातून दोनदा तरी सांगायचे. तिकडच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी दोन कॉम्प्युटरांवर विमानं उडताना पाहिली होती. यंत्रं दोन, पण आकाश एकच. एकाचं विमान दुसऱ्याच्या पडद्यावर दिसायचं. आमच्या वार्षिक प्रदर्शनाचं उद्घाटन संस्थेचे अध्यक्ष करणार होते. तालुक्याचा साखर कारखानाही त्यांच्याच हातात होता. त्यांना हेच दाखवायचं ठरलं.

इंटरनेट तेव्हा आमच्याकडे नव्हतं. कॉलेजातला साधा फोनसुद्धा मनात आलं तर चालायचा. पण या कामाला त्याची गरजच नव्हती. दोन्ही यंत्रांत नेटवर्कचं कार्ड बसवायचं, मध्ये टीव्हीच्या अँटेनाला असते तसली काळी केबल टाकायची आणि तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं बोटाच्या पेराएवढं टोपण लावायचं. हे मी चार दिवसांत जमवलं. पाचव्या दिवशी विभागप्रमुखांनी एक टोपण उगाच लोंबतंय म्हणून काढून ठेवलं, आणि दोन्ही विमानं एकमेकांना दिसेनाशी झाली. त्यांनी वीजवाल्यांना मनसोक्त नावं ठेवली. ते जेवायला गेल्यावर मी टोपण परत लावलं. आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, व्होल्टेज सुधारलं.

निमंत्रणपत्रिकेत छापून आलं, 'इंटरनेटद्वारे विमानोड्डाण'. यात इंटरनेट कुठेच नाही, असं मी म्हटलं.

"मॅडम," ते म्हणाले, "वायर बघायला कोणी येत नाही."

अध्यक्षांना शेजारी बसून शिकवायला कोणीतरी हवं होतं. पण बाईमाणसाने त्यांच्या शेजारी बसणं बरं दिसणार नाही म्हणून मला केबलपाशी, ती झाकायला लावलेल्या कापडी पडद्यामागे उभं केलं गेलं. अध्यक्ष पहिल्या यंत्रावर बसले, विभागप्रमुख हॉलच्या दुसऱ्या टोकाला. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी जॉयस्टिक मागे ओढली. विमान जागचं हललं नाही. त्यांनी आणखी जोरात ओढली. इंजिनाला वेग द्यावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. साहेबांना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. तेवढ्यात घाबरलेल्या विभागप्रमुखांच्या हातून त्यांच्या विमानाचा वेग वाढला आणि ते अध्यक्षांच्या डोक्यावरून निघून गेलं.

"हे वर कोन चाललंय?" अध्यक्षांनी विचारलं.

कोणीतरी हळूच म्हणालं, आपले सर.

"आमच्या आदी?"

विभागप्रमुखांनी विमान घाईघाईने खाली आणायला घेतलं आणि थेट जमिनीत घातलं. लोकांना वाटलं, कार्यक्रम असाच आहे. पुन्हा टाळ्या झाल्या. मला राहवलं नाही. मी पडद्याबाहेर आले आणि अध्यक्षांना सांगितलं, साहेब, आधी वेग द्या, मग ओढा. त्यांनी तसं केलं आणि विमान उडालं. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरावरून दोन घिरट्या घातल्यावर त्यांनी विचारलं, "आपला कारखाना कुठं हाय?"

"आपला जिल्हा यात नाही, साहेब."

त्यांना ते पटलं नाही. आणखी अर्धा तास ते कारखाना शोधत राहिले. बाकीचं प्रदर्शन आणि दुपारचं जेवण ताटकळलं.

पुढे त्यांना नादच लागला. दर गुरुवारी बैठक आटोपली की ते प्रयोगशाळेत यायचे, मी यंत्रं सुरू करून द्यायची आणि विभागप्रमुखांनी दुसऱ्या विमानात बसायचं. प्रदर्शनातून विभागप्रमुखांनी धडा घेतला होता. अध्यक्ष धावपट्टी सोडून गवतात शिरले तरी हे धावपट्टीवर इंजिन सुरू ठेवून थांबायचे. अध्यक्ष आपटले की मिनिटभराने हेही आपटायचे. एवढं कौशल्य त्यांनी शिकवण्यात कधी दाखवलं नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहून हसू दाबायचे. मीही काही बोलत नव्हतेच. माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती.

एका गुरुवारी विभागप्रमुख पुण्याला गेले होते. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमीच बसा."

मी बसले. थांबायचं असतं, हे मला ठाऊक होतं. त्यांचं विमान धावपट्टीवर वेडंवाकडं सरकत होतं आणि माझ्यापुढे सरळ, मोकळी वाट होती. इतके महिने मी ती वाट दुसऱ्यांसाठी उघडून देत होते. मी वेग दिला, त्यांच्या बाजूने निघाले आणि वर गेले. खाली वळून बघितलं तर त्यांचं विमान काडीपेटीएवढं दिसत होतं. मला फार बरं वाटलं. भीती नंतर वाटली, उतरल्यावर.

"थांबला न्हाई तुमी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"नाही, साहेब."

त्यांनी चहा संपवला आणि ते गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. महिनाभराने ऑफिसातून चिठ्ठी आली की ती दोन यंत्रं परीक्षेच्या कामाला द्यावीत. विमानं काढून टाकली. त्या यंत्रांवर मुलांचे अर्ज टाइप होऊ लागले, आणि ते टाइप करायला मलाच बसवलं. विभागप्रमुखांचं लवकरच प्रमोशन झालं.