आपण आणि आम्ही

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिने मला एकदा आठ महिन्यांसाठी स्लोव्हेनियात पाठवलं होतं. तिथल्या एका लहान गावात आमच्या मशिनांचा कारखाना होता आणि तपासणीचं काम मी तिथे शिकून यायचं होतं. इंग्रजीवर भागेल, असं मला सांगितलं होतं. कारखान्यात भागलंही. पण मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिलो, त्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्या मला कुट्टूच्या पिठाची उकड करून घालायच्या, समोर बसायच्या आणि ताटलीकडे, चमच्याकडे, खिडकीकडे बोट दाखवून शब्द म्हणायला लावायच्या. चुकलो तर उकड उचलून न्यायच्या. थट्टेनेच, पण न्यायच्या. मी भाषा शिकलो ती अशी, भुकेच्या पोटी.

नाशिकला परतल्यावर ती सुटायला हवी होती. सुटली नाही. परदेशी लोकांसाठी स्लोव्हेनियातले लोक ऑनलाइन वर्ग चालवत, त्यात मी नाव घातलं. वर्गात बहुतेक जण अर्जेंटिनाचे, ऑस्ट्रेलियाचे. कुणाची आजी तिकडची, कुणाचा आजोबा. पहिल्या दिवशी शिक्षिकेने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही आमची भाषा का शिकता? मी म्हणालो, येते म्हणून. सगळे हसले. मला त्याहून खरं उत्तर आजही सुचलेलं नाही.

त्याच वर्गातून मला एका प्रकल्पाचा पत्ता लागला. वीस लाख लोकांची भाषा, जगात कुणी विचारत नाही. म्हणून तिथल्या कविता आणि गोष्टी जगातल्या जमतील तितक्या भाषांत करून एका संकेतस्थळावर ठेवायच्या, असा तो बेत होता. मराठीसाठी कुणी नव्हतं. मी पत्र लिहिलं. तिथल्या राजधानीतून, ल्युब्ल्यानाहून, समन्वयक मुलीचं उत्तर आलं, प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह. पुढच्या दोन वर्षांत मी त्यांना बारा अनुवाद करून दिले. रविवारी, गणपतीच्या सुट्टीत, एकदा तर डेंग्यूतून उठल्या उठल्या. कधी पोच यायला महिना लागायचा, पण यायची.

बारावी कविता एका वयस्कर कवयित्रीची होती. छोटीशी, अठरा ओळींची. नवरा-बायको टेबल मांडतात, चादर झटकतात, खिडक्या लावून घेतात. शेवटच्या कडव्यात पुन्हा टेबल मांडलं जातं. बस्स, एवढंच. पण त्या भाषेत संस्कृतसारखं द्विवचन अजून जिवंत आहे. पहिली सगळी कडवी द्विवचनात आहेत आणि शेवटच्या कडव्यात क्रियापद पहिल्यांदा अनेकवचनात येतं. घरात माणसं जमली आहेत. ज्या दोघांनी टेबल मांडायचं त्यातला एक राहिलेला नाही. मरणाचा शब्द कुठेही नाही, ते फक्त क्रियापदाच्या प्रत्ययात आहे.

मराठीत हे आणायचं कसं? ‘आम्ही दोघांनी’ आणि ‘आम्ही सगळ्यांनी’ असं केलं, तर कविता हजेरीपटासारखी वाटायला लागली. तीन आठवडे मी त्याच अठरा ओळींपाशी अडलो होतो. एका रविवारी बायको मेथी निवडत बसली होती, तिला मी सहज सगळं सांगितलं. तिचं माहेर मखमलाबादचं, मळ्यातलं. कवितेबिवितेच्या वाटेला ती जात नाही.

ती म्हणाली, “ती बाई बोलतेय कुणाशी?”

“नवऱ्याशीच.”

“मग आधी ‘आपण’ म्हणा ना. आपण टेबल मांडतो. आणि तो गेल्यावर ‘आम्ही’. आम्ही टेबल मांडतो. ‘आम्ही’ म्हटलं की ज्याला सांगतोय तो त्यात नसतोच की.”

आणि उरलेली मेथी तिने माझ्यापुढे सरकवली.

जे त्यांच्या भाषेत होतं ते आमच्यात नव्हतं. पण आमच्यात असं काही होतं, जे त्यांच्यात नव्हतं, आणि ते बरोबर त्याच जागी बसलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मला ना पगारवाढीने दिला होता, ना घराच्या ताब्याने. मी कविता पाठवून दिली आणि सोबत ही ‘आपण-आम्ही’ची गंमतही लिहिली. उत्तर आलं, खूपच छान!!

पुढच्या वर्षी नाशिकमध्ये साहित्य महोत्सव भरणार होता आणि परदेशी पाहुण्या म्हणून तीच कवयित्री येणार होती. प्रकल्पवाल्यांनीच ते जुळवलं होतं. महोत्सवाच्या निमंत्रकांचा मला फोन आला. कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, गोड बोलणारे.

“तुम्हाला म्हणे त्यांची भाषा येते? वा! मग एक करा, पाहुण्यांना तुम्हीच उतरवून घ्या. मुंबईहून गाडी द्वारका चौकापर्यंत येईल, पुढे तुमची गाडी. आपल्या माणसाने आणलं की बरं दिसतं.”

मी दोन दिवसांची रजा टाकली, गाडी धुऊन घेतली. द्वारकेच्या त्या गर्दीत, रिक्षांच्या आणि बसच्या मधून, पांढऱ्या केसांची, खांद्याला कापडी पिशवी लावलेली बाई उतरली. मी तिच्या भाषेत म्हणालो, या, प्रवासात थकला असाल. ती रस्त्यातच थांबली. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“तू कुणाचा?” तिने विचारलं. तिकडे असंच विचारतात, तुझी माणसं कोणती या अर्थाने.

“कुणाचाच नाही. शिकलो.”

गाडीत ती सबंध वाटभर बोलत होती. मला ‘तू’ म्हणत होती, माझ्या पोस्टमास्तरीणबाईंसारखी. मी उच्चार कुठल्या जिल्ह्याचे करतो, तेही तिने ओळखलं. मीच तिच्या कवितेचा अनुवाद केलाय, हे सांगावं असं दोनदा मनात आलं. म्हटलं, नको, सभागृहात कळेलच.

सभागृहात मला ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला देण्यात आला. पत्रिका हातात आली. कवयित्रीच्या नावाखाली मराठी अनुवाद म्हणून शहरातल्या एका नावाजलेल्या कवीचं नाव छापलं होतं. त्यांची पुस्तकं आहेत, ते परीक्षक असतात, सत्कारांना असतात. स्लोव्हेनियनचं एक अक्षरही त्यांना येत नाही.

मी निमंत्रकांना गाठलं.

“सर, हा अनुवाद मी केला होता. मूळ भाषेतून.”

“अहो, माहितीये ना! चांगलाच आहे तुमचा. पण यांनी इंग्रजीवरून केला, तोही चांगला आहे. आणि कसं आहे, स्टेजवर नाव लागतं. तुम्ही कंपनीतले, तुम्हाला काय फरक पडतो?” माझ्या खांद्यावर थोपटत ते पुढे म्हणाले, “पाहुण्यांना पाणी साधं लागतं की थंड, तेवढं विचारून घ्या.”

मी विचारून घेतलं. त्याचाच मला अजून राग येतो. मी खरोखर जाऊन विचारलं आणि साधं पाणी आणून दिलं.

कवीने आपला अनुवाद वाचला. आवाज भारदस्त होता. आम्ही टेबल मांडतो, आम्ही चादर झटकतो, आम्ही खिडक्या लावतो. आणि शेवटी पुन्हा, आम्ही टेबल मांडतो. इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द, त्याला ते तरी काय करणार. कवितेतला नवरा मेलाच नाही. चांगला धडधाकट शेवटपर्यंत टेबल मांडत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत माझी बायको बसली होती, मुद्दाम जरीकाठाची साडी नेसून. तिने टाळी वाजवली नाही.

दुपारी पाहुण्यांना हॉटेलवर सोडताना मी बोललो. तुमच्या कवितेतलं मरण आज इथे कुणाला कळलं नाही, असं सांगितलं. माझा अनुवाद, ‘आपण’ आणि ‘आम्ही’, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “मला विचारलं होतं प्रकल्पवाल्यांनी.”

“काय विचारलं होतं?”

“दोन मराठी अनुवाद आहेत, कुठला घेऊ? एक कवीचा, एक इंजिनिअरचा. मी म्हणाले, कवीचा घ्या. मला दोन्ही वाचता येत नाहीत.”

“तुम्हाला मला विचारता आलं असतं. एक ओळ लिहायची होती.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “वर्षाला किती देशांत गेले, किती भाषांत छापली गेले, एवढं मला अनुदानासाठी लिहून द्यावं लागतं. आत काय पोचलं, ते अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही पहिलेच.”

सकाळी मला ‘तू’ म्हणणारी बाई आता ‘तुम्ही’ म्हणत होती. उतरताना तिने माफी मागितली, नीट, अदबीने. मी म्हणालो, काही हरकत नाही. हरकत होती.

महिन्याभराने संकेतस्थळावरून माझा अनुवाद काढून तिथे कवींचा घातलेला दिसला. खाली महोत्सवाचा फोटो. मी समन्वयक मुलीला पत्र लिहिलं, तिच्याच भाषेत, एकही व्याकरणाची चूक न करता. तिने इंग्रजीत उत्तर दिलं: दोन्ही अनुवाद आम्हाला सारखेच मोलाचे वाटतात, पण एका भाषेला एकच जागा असते! सोबत आभाराचं प्रमाणपत्र जोडलं होतं. त्यात माझं आडनाव चुकलं होतं.

मी लिहिलं, मग माझे बाकीचे अकराही काढून टाका. मला वाटलं, निदान कुणी फोन करेल, राहू द्या म्हणेल. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर अकराच्या अकरा गेलेले होते. इतक्या तातडीने त्यांनी माझं काम यापूर्वी कधीच केलं नव्हतं.

बायको म्हणाली, “आपण छापू या का, आपलं आपण?” मी नको म्हणालो. कुणासाठी, हा प्रश्न होता. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. वर्गातूनही मी नाव काढलं. शिक्षिकेचे दोन निरोप आले, त्यांना उत्तर दिलं नाही. त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नव्हता.

गेल्या महिन्यात मशिनं बघायला तिकडचे दोन इंजिनिअर कंपनीत आले होते. साहेबांनी मला त्यांच्यासोबत दिलं. दिवसभर मी त्यांच्याशी इंग्रजीत बोललो. कँटीनमध्ये एकाने दुसऱ्याला आपल्या भाषेत म्हटलं, हा चहा म्हणजे नुसता पाक आहे, कसा पितात देव जाणे. मी नकळत काउंटरवर जाऊन दोन बिनसाखरेचे चहा सांगितले.

चहाला नावं ठेवणाऱ्याने विचारलं, “तुम्हाला आमची भाषा येते?”

“नाही,” मी म्हणालो. “अंदाजाने कळलं.”