पलीकडची पेटी

पूर ओसरला तशी औषधाच्या दुकानातली देवळाची दानपेटी भरत गेली. तिच्या शेजारीच ठेवलेल्या आमच्या मोफत दवाखान्याच्या पेटीत मात्र चार नाणी नुसती खुळखुळत होती. घाबरलेला हात खिशातून निघाला की देवाकडेच वळणार, हे मला कळत होतं. तरी राग येत होताच.

तेवढ्यात चिखलाने माखलेल्या साडीतली एक बाई आली. तिने आमच्या पेटीत नोट टाकली आणि सवयीने हात जोडले.

"मावशी, देवाची पेटी ती पलीकडची," दुकानदार हसून म्हणाला.

"ठाऊक आहे मला!" ती फणकारली. "देऊळ टेकडीवर आहे, देवाचं घर कोरडं आहे. माझी शेजारीण तापाने फणफणलीय, तिला सुई कोण टोचणार?"

आणि तिने पुन्हा, मुद्दाम, अगदी सावकाश, आमच्याच पेटीला हात जोडले.