शिक्का आधी, गोळ्या नंतर
स्टॅम्पपॅडच्या जांभळ्या शाईचा वास आला की इतवारीतल्या मेडिकल दुकानातला माझा नोकरीचा पहिला आठवडा आठवतो. भर दुपारी खापरखेड्याहून एक काका बायकोच्या झोपेच्या गोळ्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आले. एकाच चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या घेता येऊ नयेत म्हणून आम्ही तिच्यावर ‘औषध दिले’ असा शिक्का मारतो. मी घाईत तो आधी मारला आणि मग कपाट उघडलं, तर गोळ्या संपलेल्या. शिक्का खोडून खाली सही केली आणि त्यांना दुसऱ्या दुकानात पाठवलं, पण तासाभरानं काका घामाघूम होऊन परत आले. “कोणीच देऊन नाही राहिलं गा. म्हणते, घेतल्या ना तुम्ही! मले भेटल्याच नाही, तं दिल्या कशा?” खोडलेला शिक्का तर आणखीच संशयास्पद दिसत होता. शेवटी मीच त्यांच्यासोबत शेजारच्या दुकानात गेलो, चूक माझी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे गोळ्या मिळाल्या. इतक्या वर्षांनी काल माझ्याच दुकानात एका बाईनं तशीच खोडलेल्या शिक्क्याची चिठ्ठी पुढे केली. “गोळ्या भेटल्याच नाही,” म्हणाली. मी शिक्का पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, “घेतल्या ना तुम्ही!” ती चिठ्ठी उचलून पायऱ्या उतरून गेली, आणि खोटं कोण बोललं, ती की शिक्का, हे मला अजून कळलेलं नाही.