मोहोळाचा कंदील

गोटीराम भोये आपल्याला नीट माहीत होता, असं भिमाजी साळवेंना शपथेवर सांगता आलं नसतं. चारेक वर्षं तो त्यांच्या सोसायटीचा रखवालदार होता. रोज सकाळी तो विचारायचा, "साहेब, मोटर लावू?" आणि ते म्हणायचे, "लावा." बोलणं संपलं. त्याचं गाव हरसूलच्या पुढं डोंगरात. बायको सुलाबाई तिकडंच शेतावर. चहात त्याला साखर जास्त लागायची आणि उंच जागेची त्याला भीती वाटायची. एवढ्या माहितीवर कुणाबद्दल बोलू नये हे खरं, पण सोसायटीतल्या बाकीच्यांना तर तेवढंही माहीत नव्हतं.

नाशकातलं इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं. एक इमारत, मग एक ज्वारीचं शेत, मग पुन्हा एक इमारत. सोसायटीचे चेअरमन धारणकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि सेक्रेटरी भिमाजी साळवे, पोस्टातले कारकून. सेक्रेटरी होण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. ज्या सभेत त्यांना निवडलं, त्या सभेत "नको" म्हणायला ते उठले होते, पण घसा साफ करेपर्यंत टाळ्या झाल्या.

गोटीरामला सुलाबाई नाशकात यायला हवी होती आणि ती येत नव्हती. "तिथं बघण्यासारखं हाय काय?" असं ती विचारायची. यावर गोटीरामनं एकोणऐंशीच्या दिवाळीला ठरवलं, की आपण असा आकाशकंदील करायचा, की बाईनं हरसूलचा बाजार सोडून तो बघायला यावं. चांदणी नको, विमान नको. देवानं जे केलंय त्याचाच नमुना घ्यायचा.

पहिल्या वर्षी त्यानं कोळ्याचं जाळं घेतलं. शेताच्या बांधावर उकिडवं बसून तो कोळ्याकडं तासन्‌तास बघायचा. बांबूच्या कामट्यांवर पांढऱ्या दोऱ्यानं त्यानं हुबेहूब जाळं विणलं आणि जिन्याच्या दारावर टांगलं. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी चांगुणाबाईंची, म्हणजे साळवेंच्या बायकोची. त्यांनी केरसुणी उलटी धरली आणि एका फटक्यात कंदील खाली आणला. "केवढी जळमटं झाली होती!" असं त्या चार घरी सांगत होत्या. गोटीरामनं तुकडे उचलले. म्हणाला, "चूक वैनींची नाय. लयच हुबेहूब झालं."

दुसऱ्या वर्षी त्यानं कोहळा घेतला. कोहळ्यावरच्या शिरा, देठाजवळचा खळगा, अंगावरची पांढरी भुकटी, सगळं कागदात उतरवून त्यानं तो फाटकाच्या कमानीवर टांगला. नव्या इमारतीवर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगतातच, त्यामुळं कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अमावास्येला धारणकरांनी स्टुलावर चढून त्याला हळद-कुंकू लावलं आणि जुना झालेला कोहळा फोडतात म्हणून तो काढून रस्त्यावर आपटला. आतून बल्ब फुटल्याचा आवाज आला तेव्हा ते दचकून मागं सरले. "अहो साळवे," ते म्हणाले, "या कोहळ्यात वायर निघाली!"

सुलाबाई दोन्ही वर्षी आली नाही.

तिसऱ्या वर्षी गोटीरामनं मोहोळ घ्यायचं ठरवलं. हे ऐकून साळवेंना जरा नवल वाटलं, कारण माशी कानाजवळून गेली तरी तो फाटक सोडून पळायचा. त्यावरही त्याच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी होतं. पाण्याची मोटर लावण्याआधी तिला पाणी पाजता पाजता त्यानं ते सांगितलं. सुलाबाईचा भाऊ भिकन कड्यावरची मोहोळं उघड्या हातानं काढायचा. लग्नानंतर एकदा गोटीराम त्याच्याबरोबर गेला, पहिली माशी चावली आणि तो जो पळाला तो थेट घरात शिरून भाताच्या कणगीत जाऊन बसला. "अजून ती भाकरी वाढताना भिकनचं नाव काढते," तो म्हणाला.

साळवेंनी मोटरीकडं कान दिला. "मोटर लागली वाटतं," ते म्हणाले.

वाण्याच्या पुड्यांचा खाकी कागद जमवून गोटीरामनं त्याच्या सहा कोनांच्या नळ्या केल्या आणि एकीला एक चिकटवत नेल्या. मधे बल्बला जागा ठेवली. अडचण रंगाची होती. मोहोळाचा तो पिवळा-तांबूस रंग कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी निफाडकडच्या गुऱ्हाळातून त्यानं डबाभर काकवी आणली आणि ब्रशनं कंदिलाला दोनतीनदा चोपडली. चिकटवायची खळ करताना तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. तेही त्यानं घातलं नाही, कारण मोरचुदानं कागदाला हिरवट झाक येते. दसऱ्याला खालूनच दोरी ओढून त्यानं कंदील कमानीवर चढवला.

दिवाळीच्या आधीच मधमाश्या आल्या. चार नाही, दहा नाही, एक सबंध वसाहत. त्यांनी कंदील बघितला, त्यांना तो पसंत पडला आणि उरलेलं बांधकाम त्यांनी स्वतः पूर्ण केलं.

सोसायटीला फाटक एकच होतं. लोक डोक्यावर चादर घेऊन कमानीखालून पळायला लागले. पुढं पुढं मागच्या कुंपणाची तार वाकवून ज्वारीतून वाट पडली. सुटाबुटातले साहेब कणसं बाजूला करत ऑफिसला जायचे. दूधवाला शेतापलीकडून हाक मारायचा. धूर नको म्हणून फटाके बंद झाले, आणि माश्या खवळतील म्हणून कंदिलाचं बटणही कुणी दाबलं नाही. फराळाची ताटं घेऊन चादरीतली माणसं इकडून तिकडं जाताना दिसायची आणि कोण कुणाकडं गेलं हे कळायचं नाही.

धारणकरांनी सभा बोलावली.

"कंदील कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"सोसायटीचा म्हणायचा," साळवे म्हणाले.

"आणि माश्या?"

साळवे विचारात पडले. "त्या... त्यांच्या त्यांच्याच."

"मग त्या आपल्या कंदिलात विनापरवाना राहतायत. पोटभाडेकरू! उद्या कंदील उतरवायचा. लिहा."

गोटीराम दारात उभा होता. त्यानं हात जोडले. "साहेब, तुळशीच्या लग्नापातुर ऱ्हाऊ द्या. ती म्हणालीय, भात झोडून झालं की येते. निरोप आलाय. या टायमाला ती नक्की येणार. कंदील नाय दिसला तर पुन्हा जन्मात यायची नाय."

"अहो, पण माणसं चावून घेतायत!"

"मलाबी चावल्यात," गोटीराम म्हणाला. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. तो पळाला नव्हता, हे तेव्हा फक्त साळवेंच्या ध्यानात आलं. त्यांनी ठराव लिहिला तो असा: सोसायटीच्या फाटकावरील आकाशकंदील तुळशीच्या लग्नानंतर उतरवावा. 'नंतर' हा शब्द सभेत कुणी उच्चारला नव्हता. धारणकरांनी न वाचताच सही केली, कारण माशी चावून त्यांच्या चष्म्याखाली गांधी उठली होती.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, सुलाबाई आली. उंच, काटक बाई, डोक्यावर नागलीचं गाठोडं. ती सरळ कमानीखालून आत आली. माश्यांनी तिला काही केलं नाही. गॅलऱ्यांमध्ये सगळी सोसायटी उभी होती.

"कुठं हाय तुमचा कंदील?" तिनं विचारलं.

गोटीरामनं वर बोट दाखवलं.

तिनं बघितलं. "मोहोळ हाय."

"कंदील हाय."

"डोळा सुजलाय म्हणून दिसत नाय का तुमाला? मोहोळ हाय ते. यष्टीत उभी ऱ्हाऊन आले मी. आमच्या आंब्यावर काय कमी हायेत?"

"अगं, मी केलाय त्यो. या हातानं!"

"हां. आन् आंबाबी तुमीच लावला."

ती गाठोडं पुन्हा डोक्यावर घ्यायला लागली. तेव्हा पहिल्या मजल्यावरून धारणकरांचा आवाज आला, "बाई, थांबा! तो कंदीलच आहे. आमच्या ठरावात तशी नोंद आहे!" इतके दिवस तो उतरवा म्हणून ओरडणारी माणसं आता गॅलरीगॅलरीतून "कंदीलच आहे, कंदीलच आहे" म्हणायला लागली. साळवेंनीही आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज चढवला. "वहिनी, खरंच कंदील आहे हो!"

सुलाबाईनं सगळ्यांकडं कीव केल्यासारखं बघितलं. "शिकलीसवरली माणसं तुमी," ती म्हणाली, "ह्याच्या नादी लागून मोहोळाला कंदील म्हंता?"

गोटीराम फाटकाजवळच्या आपल्या खोलीत गेला आणि त्यानं बटण दाबलं.

आधी माश्यांचा आवाज वाढला. मग मेणाच्या खणाखणातून उजेड पाझरायला लागला. सबंध मोहोळ आतून पेटल्यासारखं सोनेरी झालं, आणि त्या उजेडावर माश्या काळ्या ठिपक्यांसारख्या फिरत होत्या. असला कंदील नाशकात त्याआधी कुणी बघितला नसावा. सुलाबाईनं गाठोडं खाली ठेवलं.

"त्या मोहोळात दिवा कुणी घातला?" तिनं विचारलं.

"मी," गोटीराम म्हणाला.

"तुमी? माश्यांच्या आत हात घालून?"

"तर."

"भिकननं काढलीत मोहोळं," ती हळूच म्हणाली, "पर दिवा नाय लावला कधी कुठल्या मोहोळात."

गोटीरामनं तोंड उघडलं. मग त्याच्या उघड्या असलेल्या एका डोळ्यानं त्यानं साळवेंकडं बघितलं. साळवे सेक्रेटरी होते. आधी कंदील आणि मग माश्या, हा क्रम सांगायचा तर त्यांनीच सांगायचा होता. ते जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिले. गोटीरामनं तोंड मिटलं.

सुलाबाई राहिली. थंडी वाढली तशा माश्या एका दुपारी उठून कुठं तरी निघून गेल्या. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत फाटकाजवळच्या खोलीतून नागलीच्या भाकरीचा वास यायचा, आणि चांगुणाबाईंना सुलाबाई सांगायची, "आमचे हे लय धीट."

एक गोष्ट साळवेंना विचारायची राहून गेली. काकवीला माश्या येतात हे डोंगरात वाढलेल्या माणसाला माहीत नसेल? की माहीत होतं म्हणूनच त्यानं मोरचूद गाळलं? पाऊस पडायच्या आधी दोघं पेरणीला गावी निघाले, ते कायमचेच. त्या सकाळी साळवेंनी मनात सगळी तयारी केली होती. ते फाटकाशी जाऊन उभे राहिले, घसाही साफ केला. सुलाबाई पुढं निघाली होती. गोटीरामच्या हातात पत्र्याची पेटी होती.

"साहेब, टाकीचा कॉक बंद केलाय," तो म्हणाला.

"बरं केलंत."

"आन् मोटरीचा वायसर गेलाय. सकाळी तिला आधी तांब्याभर पाणी पाजा. त्याबिगर ती उचलत नाय."

"पाजतो," भिमाजी साळवे म्हणाले.