ब्यूकच्या दाराची पावती

“दफनविधीत एल्मरबद्दल चार शब्द बोलशील का?” असं फादरांनी विचारलं तेव्हा लुमिर पोस्पिशिल गांगरलाच.

“मी काय बोलणार, फादर? मला तो फारसा ठाऊकच नव्हता.”

फादरांना ती नेहमीची भीड वाटली. उभी हयात रस्त्याच्या अलीकडे लुमिरचं घर आणि पलीकडे एल्मर स्लेझाकची पत्र्याची शेड. मग ठाऊक नाही म्हणजे काय? पण लुमिर खरं तेच सांगत होता. एल्मर मूळचा कुठल्या गावचा, त्याने लग्न का केलं नाही, रविवारी दुपारी पिकअप घेऊन तो एकटाच कुठे जायचा, यातलं त्याला काही सांगता आलं नसतं. विचारलं असतं तर एल्मरने सांगितलंही असतं. पण लुमिर विचारणाऱ्यातला नव्हता आणि एल्मर आपणहून सांगणाऱ्यातला नव्हता. दोघांच्या वाट्याचं बोलणं लुमिरची बायको व्लास्टा परस्पर उरकून टाकायची.

ठाऊक होतं ते रस्त्याच्या अलीकडून दिसेल तेवढंच. एल्मर मोडलेल्या गाड्या आणायचा आणि उभ्या करायचा. आमच्या डोलना गावाच्या भागात गाड्या मोडायला कारणं ठरलेली: हरिण, गारा आणि बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात जाणं. विमेवाले येऊन बघतात, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर चाललाय म्हणतात, आणि गाडीच्या मालकीच्या कागदावर ‘भंगार’ असा शेरा पडतो. मग ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. कुणी ती नीट केलीच, तर राज्य पोलिसांचा तपासनीस येतो, कुठला भाग कुठून आणला त्याच्या पावत्या बघतो, आणि सगळं जुळलं की ‘भंगार’ जाऊन ‘पुनर्बांधणी’ असा शेरा येतो. हा मात्र जन्माचा. गाडी कितीही हातांतून फिरली तरी तो पुसला जात नाही, आणि विकताना तो घेणाऱ्याला सांगावा लागतो.

सांगावा लागतो खरा, पण तोंड कसं उघडायचं ते विकणाऱ्यावर असतं. बरेच जण तो कागद बाकीच्या कागदांच्या मधोमध सरकवतात आणि “इथे सही, इथे सही” करत गिऱ्हाइकाला घाईने पुढे नेतात. एल्मरची तऱ्हा उलटी. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला जखमेपाशी न्यायचा.

“ही इथे फाटली होती. हा खांब मी कापून दुसरा जोडलाय. हात लाव. सांधा लागला?”

“लागला.”

“हं. आता गाडी बघ.”

पुष्कळ लोक सांधा लागल्यावर गाडी न बघताच परत जायचे. एकदा एक नवरा-बायको आले होते. बाई वैतागून म्हणाल्या, “तुम्हाला ही विकायची आहे की नाही?”

“विकायची आहे ना बाई. पण तुम्हाला कळून.”

त्याची आणखी एक खोड होती. गाडी आणली त्या दिवशीच्या मोडक्या अवताराचा फोटो तो पुढच्या कप्प्याच्या झाकणाला आतून चिकटवायचा. हातरुमाल शोधायला कप्पा उघडावा तर समोर चेंदामेंदा. मायलो हावलिक, गावातला सगळ्यात हेकट म्हातारा, त्याला म्हणायचा, “तू न्हावी असतास तर दाढी झाल्यावर आधीचं थोबाड दाखवलं असतंस.” एल्मर यावर नुसता नाकातून हसायचा.

एकदा शेजारच्या राज्यातला एक दलाल लांबलचक गाडीतून आला. म्हणाला, सगळ्या गाड्या एकदम उचलतो. हद्दीपलीकडे आपली माणसं आहेत, कागद असा धुऊन येईल की शेरा औषधालाही सापडायचा नाही. लुमिर तेव्हा उसनी शिडी परत द्यायला गेला होता, म्हणून त्याने ऐकलं. एल्मरने हात पुसले आणि विचारलं, “कॉफी घेणार?”

“घेऊ की. आणि सौद्याचं?”

“कॉफीच आहे,” एल्मर म्हणाला.

ऑक्टोबरात, मक्याची काढणी चालू असताना, व्लास्टा चर्चच्या गाण्याच्या सरावाहून परतत होती आणि मक्यातून हरिण उडालं. व्लास्टाला खरचटलंही नाही. हरणाने मात्र त्यांच्या निळ्या ब्यूक गाडीचं नाक, चाकावरचा फेंडरचा पत्रा आणि ड्रायव्हरचं दार सगळं आत चेपलं. विमेवाला चुकचुकला आणि त्याने शेरा मारला.

लुमिरच्या घरात या गाडीचं काय होतं ते गावाला माहीत होतं. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी लुमिरचं गाडी चालवणं बंद केलं होतं. दवाखाना, दुकान, चर्च, सगळीकडे व्लास्टाच न्यायची. लिंकन शहरात असलेला मुलगा डेनिस या संधीची वाटच बघत होता. त्याने फोनवर आईला बोलण्यात पकडलं. “बर्फात गाडीशिवाय काय करणार तुम्ही? नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत गाडी दारात उभी राहिली नाही तर इकडे यायचं. मी खोल्या बघून ठेवल्यात.”

“बरं बरं, येऊ,” व्लास्टा रागाच्या भरात म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसली. “लुमिर, मी हे काय बोलून बसले? सातव्या मजल्यावर आहेत त्या खोल्या. टोमॅटो कुठे लावू मी? लिफ्टमध्ये?”

लुमिर रस्ता ओलांडून गेला. एल्मरने ब्यूकभोवती एक फेरी मारली. म्हणाला, “हाडं चांगली आहेत. बाकीचं मी आणतो. दार आणि फेंडर मात्र याच रंगाचं मिळेल असं वाटत नाही.”

ते कुठे मिळेल हे लुमिरला ठाऊक होतं. मायलोच्या सुनेने तशीच निळी ब्यूक चरात घातली होती. ती धान्यकोठाराच्या मागे उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लुमिरने दोन दिवस शब्द जुळवले आणि चर्चच्या पायरीवर मायलोला गाठून पुटपुटला. मायलो म्हणाला, “दार ना? तसं म्हण की. फेंडर पण ने.” दुपारी तो स्वतःच ट्रॅक्टरवर दोन्ही घालून आला, उतरवलं आणि गेला. किती, कसं, असं कुणी विचारलं नाही. डोलनात असं विचारत नाहीत. विचारलं तर माणूस दुखावतो.

“पावती?” एल्मरने विचारलं.

“आहे... म्हणजे, येईल,” लुमिर म्हणाला. मायलोकडे परत जाऊन कागद मागायचा या कल्पनेनेच त्याला घाम फुटला होता. तपासणीचा दिवस आला तरी ती पावती आली नव्हती.

तपासणीला ऑफिसर कँटू नावाच्या बाई आल्या, शांत आणि नीटनेटक्या. त्यांनी आकडे पडताळले, दिवे लावून बघितले, खाली वाकून सांधे बघितले. मग पावत्या घेतल्या. “बॉनेटची, ही. रेडिएटरची, ही. दिव्यांची, ही. आणि दाराची?”

एल्मरने लुमिरकडे बघितलं. लुमिरने खडीकडे बघितलं.

“शेजाऱ्याने दिलं,” लुमिर म्हणाला.

“मिस्टर पोस्पिशिल, दार चोरीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते कुठल्या गाडीचं, कुणाकडून आलं, हे सहीनिशी हवं. या मंगळवारी मी पुन्हा या बाजूला आहे. तो चुकला तर पुढची तारीख डिसेंबरातली.”

त्या गेल्यावर लुमिर आपल्या बोटांशी खेळत उभा राहिला. एल्मर आता काहीतरी बोलेल म्हणून त्याने मान आधीच खाली घातली होती. एल्मर आत गेला तो धुतलेला शर्ट घालून बाहेर आला. “चल,” एवढंच म्हणाला. एल्मर कुणाच्या घरी गेल्याचं लुमिरने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मायलो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. त्याची बायको ब्लांच बटाटे सोलत होती. एल्मरने कोरी पावती समोर ठेवली. मायलोने चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढला.

“इथे ‘विकले’ असं छापलंय.”

“हो.”

“मी विकलं नाही. दिलंय.”

“ठाऊक आहे.”

“मग? उद्या मी मेल्यावर लोक म्हणतील, मायलोने लुमिरला जुनं दार विकलं. त्याच्या बायकोला हरणाने उडवलं आणि याने दुकान मांडलं!”

“हरणाने गाडीला उडवलं, मायलो. व्लास्टा धडधाकट आहे,” ब्लांच म्हणाली.

“तू बटाटे सोल. मी सही करणार नाही. लुमिर, तुला माझा शब्द पुरत नाही?”

“पुरतो रे, पुरतो,” लुमिर घाईघाईने म्हणाला आणि उठायला लागला. त्याच्या लेखी विषय संपला होता. सातवा मजला तर सातवा मजला.

एल्मर बसूनच राहिला. त्या दिवशी तो जेवढं बोलला तेवढं सलग बोलताना लुमिरने त्याला आधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“मायलो, आपल्या तिघांसाठी हा कागद नाहीच. आपल्याला सगळं ठाऊक आहे. पण ही गाडी आपल्यापेक्षा जास्त टिकेल. उद्या ती ओमाहात कुणीतरी घेईल. त्याला तू ठाऊक नाहीस, मी नाही. दार कुठलं, आत काय तुटलं होतं, हे त्याला कोण सांगणार? आपण तिघं तर टेकडीवर असू.”

टेकडीवर म्हणजे दफनभूमीत. मायलोने जरा वेळ टेबलावरचं मीठ गोळा केलं.

“ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण किंमत म्हणून मी आकडा लिहिणार नाही. आणि शून्य लिहिलं तर माझं दार फुकटचं होतं असं दिसेल. तसलं भंगार नव्हतं ते.”

“अरे देवा!” ब्लांचने सुरी खाली ठेवली. “विकलं म्हणावं तर विकलं नाही, फुकट म्हणावं तर चालत नाही. लिही मग, एक परात कोलाचे. खसखशीचे. व्लास्टाचे कोलाचे तू काय फुकट समजतोस?”

मायलोने पुन्हा चष्मा लावला. व्लास्टाच्या हातचा खसखस भरलेला तो मऊ पाव त्याचा जीव की प्राण होता, आणि ब्लांचला तो तसा जमत नाही हे घरात उघड न बोलता मान्य होतं.

“असं लिहिलेलं चालतं?” त्याने एल्मरला विचारलं.

“वस्तूच्या बदली वस्तू. चालायला हवं. पण खोटं लिहायचं नाही. आधी कोलाचे, मग सही.”

“अर्थात! मी उधारीवर देत नाही,” मायलो म्हणाला, आणि आपण आत्ताच विकायला लागलो हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला. ब्लांच बटाट्यांवर वाकून हसत राहिली.

व्लास्टाने सोमवारी सकाळी पीठ भिजवलं. परात टॉवेलात गुंडाळून लुमिर मांडीवर घेऊन बसला आणि एल्मरच्या पिकअपमधून ती मायलोकडे पोचली. मायलोने उभ्या उभ्या एक खाल्ला, डोळे मिटले, आणि सही केली. जुन्या ब्यूकचा नंबर उतरवायला एल्मरला कोंबड्या हाकलाव्या लागल्या.

मंगळवारी ऑफिसर कँटूंनी ती पावती वाचली. पुन्हा वाचली.

“एक परात कोलाचे,” त्या म्हणाल्या.

“खसखशीचे,” एल्मर म्हणाला.

“ते लिहिलंय इथे.” त्यांनी दाराच्या कडेचा आकडा आणि पावतीवरचा नंबर ताडून बघितला. “मला गाडीचा नंबर आणि सही लागते. ते दोन्ही आहे. बाकी तुमचा व्यवहार.” कागदावर सही करून त्या गाडीत बसल्या, मग काच खाली करून त्यांनी लुमिरला विचारलं, “पण फेंडरसुद्धा त्याच परातीत आलं?”

“हो,” लुमिर म्हणाला. “मायलो भला माणूस आहे.”

नवा कागद आला तो व्लास्टाने दिव्याखाली धरला. “‘पुनर्बांधणी’! जन्माचा शिक्का! लुमिर, माझा खुबा बदललाय, तुझ्या डोळ्यात भिंगं घातलीत. आपल्याला नाही कुणी शिक्का मारत?” मग तिने गाडीचा पुढचा कप्पा उघडला आणि किंचाळली. “एल्मर! हा फोटो काढ! हरणाचे केस दिसताहेत त्यात!”

“राहू दे,” रस्त्यापलीकडून एल्मर म्हणाला.

“कायद्यात आहे का असं?”

“नाही. मी म्हणतो म्हणून.”

तिने तो राहू दिला. थँक्सगिव्हिंगला ती दोघं त्याच गाडीतून लिंकनला गेली, टर्की खाल्ली, डेनिसने सातव्या मजल्याचा विषय काढण्याआधी गाडीचं नवं-जुनं दार त्याला दोनदा उघडून दाखवलं, आणि अंधार पडायच्या आत घरी परतली. एल्मरला जेवायला बोलवायचं व्लास्टाने त्यानंतर पुष्कळदा ठरवलं. दोनदा तो आलाही. सूप चांगलं झालंय म्हणाला, आणि ताट स्वतः धुऊन गेला. त्या दोन जेवणांत लुमिरला त्याच्याबद्दल नवं एवढंच कळलं की त्याला गाजर आवडत नाही.

एल्मर गेला तो लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, झोपेत. त्याच्या आदल्या दिवशी लुमिर टपाल घ्यायला रस्त्यापर्यंत गेला होता. एल्मरही आपल्या टपालपेटीपाशी उभा होता. मागे अंगणात व्लास्टाने ब्यूक सुरू केली होती.

“वारा सुटलाय,” एल्मर म्हणाला.

“सुटलाय खरा.”

“कुठे निघालात?”

“बियाणाच्या दुकानात. टोमॅटोची रोपं आलीत म्हणते.”

“लवकर आहे अजून.”

“मी तेच म्हटलं. ऐकते कुठे!”

“जा मग. ती थांबलीय,” एल्मर म्हणाला.

“येतो,” लुमिर म्हणाला.